शाळेतील मत्स्यपात्र आणि वायूंचा समतोल



प्राथमिक शाळेच्या विज्ञानपाठात एक वाक्य वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले जाते : प्राणी प्राणवायू घेतात व कर्बाम्लवायू सोडतात; वनस्पती कर्बाम्लवायू घेतात व प्राणवायू सोडतात. कर्बाम्लवायू म्हणजेच आजच्या पाठ्यपुस्तकांतील कार्बन डायऑक्साइड. हे वाक्य सुटसुटीत आहे, मुलांना चटकन पाठ होते आणि परीक्षेत गुणही मिळवून देते. परंतु ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सत्य मुलांपुढे मांडण्यास काचेचे एक पात्र, थोडी धुतलेली वाळू, काही पाणवनस्पती आणि पाचसात गप्पी मासे एवढे साहित्य पुरेसे होते.

असे पात्र हौसेने मांडणाऱ्या शाळेत पुष्कळदा एक अनुभव येतो. शनिवारी सकाळची शाळा सुटते तेव्हा मासे आनंदाने फिरत असतात. सोमवारी दार उघडावे तो त्यांतील काही पोट वर करून तरंगत असतात. पात्रात वनस्पती तर दाट वाढलेल्या. मुले साहजिकच विचारतात, "गुरुजी, झाडे प्राणवायू देतात ना? मग मासे गुदमरले कसे?" या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर पाठ केलेल्या विज्ञानावरचा मुलांचा विश्वास उडतो, मिळाले, तर तोच प्रसंग वर्षभराच्या पाठांहून अधिक शिकवून जातो.

उत्तराचा धागा दोन शतकांहून जुना आहे. इ. स. १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने, ज्या कोंडलेल्या हवेत मेणबत्ती विझली होती तीत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. वनस्पती हवा सुधारतात हे त्यावरून दिसले. इ. स. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच वैद्याने त्यात महत्त्वाची भर घातली. हवा सुधारण्याचे हे काम वनस्पतींचे हिरवे भागच करतात, आणि तेही केवळ प्रकाशात. अंधारात वनस्पती प्राण्यांप्रमाणेच हवा दूषित करतात, असे त्याने दाखविले. फळ्यावरील वाक्यातून गळलेले अर्धे सत्य ते हेच.

वनस्पती दिवसरात्र श्वसन करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचे काम श्वसनाहून पुष्कळ मोठे असते, म्हणून एकंदरीत प्राणवायू शिल्लक पडतो. सूर्य मावळला की उत्पादन थांबते, खर्च मात्र चालूच राहतो. मासे, गोगलगाई, वाळूतील सूक्ष्म जंतू आणि स्वतः वनस्पती असे सारेच रात्रभर प्राणवायू घेतात व कर्बाम्लवायू सोडतात. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास, सर्वांत कमी असतो. वनस्पती जितक्या दाट, तितका रात्रीचा खर्च अधिक. पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो अशी समजूत गावोगावी आढळते. परंतु अंधारात कोणतीही वनस्पती प्राणवायू सोडीत नाही.

पाण्यातील प्राणवायूची पुंजी मुळातच लहान असते. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर पाण्यात मात्र हवेतून सुमारे ८ मिलिग्रॅमच विरघळतो. पाणी ३० अंशांपर्यंत तापले की हा आकडा साडेसातवर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशांची गरज वाढते. ही पुंजी भरून काढण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. तेथूनच हवेतील प्राणवायू आत शिरतो व साचलेला कर्बाम्लवायू बाहेर पडतो. म्हणून अरुंद गळ्याची बरणी गळ्यापर्यंत भरणे हे माशांचे नाक दाबण्यासारखेच होय. उंच बरणीपेक्षा पसरट पात्र नेहमी चांगले. आणि गोल बरणी असेल तर ती जेथे सर्वांत रुंद आहे तेथवरच भरावी. उष्ण प्रदेशातील लहान माशांसाठी मत्स्यपालकांचा जुना ठोकताळा असा की, माशाच्या दर इंच लांबीमागे सुमारे १२ चौरस इंच पृष्ठभाग असावा. शाळेच्या पात्रात याच्या निम्मेच मासे ठेवावेत. हवेचा पंप लावला तरी बुडबुड्यांपेक्षा त्यांनी ढवळलेला पृष्ठभागच अधिक उपयोगी पडतो.

कर्बाम्लवायू हा केवळ टाकाऊ वायू नव्हे. पाणवनस्पतींचे ते अन्न आहे. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो. शहरांतील काही हौशी मंडळी दाट वनस्पतींसाठी नळकांड्यातून हा वायू पाण्यात सोडतात, आणि रात्री तो बंद ठेवतात. तो अति झाला तर पाण्यात प्राणवायू असूनही माशाच्या रक्ताला तो नीट घेता येत नाही. शाळेच्या पात्राला या खटाटोपाची गरज नाही. माशांचे श्वसन, कुजणारी पाने आणि हवा यांतून साध्या वनस्पतींपुरता कर्बाम्लवायू मिळतो.

इ. स. १८४९ मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने असेच पात्र मांडले व १८५० मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले. तेव्हा त्याने पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली व पाणी पुन्हा निवळले. कुजणे हादेखील प्राणवायूचा खर्चच आहे, हा यातील बोध शाळेच्या फार उपयोगाचा आहे. शाळेतील मासे उपासमारीपेक्षा मुलांच्या मायेनेच अधिक दगावतात. प्रत्येक मूल भाकरीचा एक चिमूट चुरा टाकते. चाळीस मुलांचे चाळीस चिमूट तळाशी बसून कुजतात. जंतू माजतात आणि रात्रीतून प्राणवायू संपवितात. शनिवारी "दोन दिवसांचे" म्हणून टाकलेले जादा खाद्य सोमवारच्या मृत्यूचे कारण ठरते. धडधाकट मोठे मासे दोन दिवस खाद्यावाचून सहज राहतात. खाद्य घालण्याची पाळी रोज एकाच मुलाकडे द्यावी, आणि दोनतीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे.

पात्र मांडताना तळ्यातील किंवा पाटातील हायड्रिला चांगली धुऊन घ्यावी. ब्लीचिंग पावडर टाकलेले पाणी एकदोन दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. कूपनलिकेच्या ताज्या पाण्यात बहुधा प्राणवायू कमी व कर्बाम्लवायू अधिक असतो. म्हणून तेही ढवळून उघडे ठेवावे. पात्र सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा खिडकीशी ठेवावे; दुपारच्या उन्हात पाणी तापते व हिरवे शेवाळ माजते. गप्पी मासे हिवताप प्रतिबंधासाठी आरोग्य खात्याकडून वाटले जातात, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. जादा झालेले मासे मात्र ओढ्यात सोडू नयेत. तेथील मूळच्या जीवांस त्यांचा उपद्रव होतो.

प्रकाशाचे काम प्रत्यक्ष दाखविण्यास हायड्रिलाच्या काही फांद्या पाण्यात काचेच्या उलट्या नरसाळ्याखाली ठेवाव्यात व त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी पालथी घालावी. उन्हात बुडबुडे निघतात. सावली केली की ते मंदावतात. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की पुन्हा वाढतात. नळीत पुरेसा वायू जमल्यावर धुमसती उदबत्ती आत धरली असता ती अधिक तेजाने फुलते.

याच्या जोडीला एक वही ठेवावी. शाळेजवळ राहणाऱ्या मुलाने सूर्योदयाच्या वेळी, आणि वर्गाने दुपारी व सायंकाळी, मासे तळाशी आहेत, मध्ये आहेत की वर तोंड काढून हवा घेत आहेत, हे लिहावे. एका मिनिटात कल्ल्यांची उघडझाप किती वेळा होते ते मोजावे. आकाश निरभ्र की ढगाळ, पाणी गार की कोमट, याचीही नोंद असावी. उष्णतेनेही माशांचा श्वास वाढतो, म्हणून ही शेवटची नोंद चुकवू नये. मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर त्याच क्षणी निम्मे पाणी बदलावे व उरलेले ढवळावे. मुलांना कारण त्यानंतर सांगावे.

पंधरवडाभर अशी वही चालली म्हणजे मुलांची दृष्टी आपोआप गावच्या तळ्याकडे वळेल. पावसाळ्यात अनेक दिवस मळभ राहिल्यानंतर एखाद्या पहाटे दाट शेवाळाच्या तळ्यात मासे वर येऊन तोंड उघडतात, कधी मरूनही पडतात. कोणी विष कालविले असा संशय अशा वेळी चटकन घेतला जातो, आणि गावात वितुष्ट येते. विषाची शक्यता नेहमीच नाकारता येत नाही. पण ज्या मुलांनी पात्रातील पहाट पाहिली आहे, ती आरोपाआधी आभाळाचा व शेवाळाचा विचार करतील. फळ्यावरील वाक्य पुसण्याची गरज नाही. त्यात "प्रकाशात" हा एक शब्द घालावा आणि त्याखाली दुसरी ओळ लिहावी : "श्वसन मात्र सारेच करतात, दिवसा आणि रात्रीही."