वळता चेंडू

आमचं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजाराचं गाव. तिथं आम्ही गोट्या खेळायचो; नेम धरायचा, सरळ मारायचं. निवृत्तीनंतर मुलाकडे मेलबर्नला गेलो. दिवसभर बोलायला कुणी नसे. मग ऑक्टोबर ते मार्च लॉन बोल्सचा हंगाम खेळलो. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून सुवर्ण मिळवलं, तोच हा खेळ.

यातला चेंडू घडणीनंच एका बाजूला कलतो. म्हणून ‘जॅक’ या छोट्या चेंडूवर नव्हे, त्याच्या बाजूला नेम धरायचा. सामने आम्ही थोडेच जिंकलो. पण शनिवारी माझी वाट पाहणारी माणसं मिळाली. साठीनंतर वेग मंदावण्याची धास्ती वाटे. इथं मात्र चेंडू मंदावतो, तेव्हाच जास्त वळतो आणि जॅकजवळ पोचतो.