कारपेंटरबाईंचं पत्र आणि रिख्टरांचं टेबल



तुमच्यातले बरेच जण पुढच्या वर्षी परदेशी शिकायला जाणार आहेत, असं बंगळुरूच्या येलहंक्यातल्या या मराठी स्नेहसंमेलनाचं आमंत्रण द्यायला आलेल्या मुलांनी मला सांगितलं. अर्ज कसा करायचा, शिफारसपत्रं कुणाची घ्यायची, व्हिसाच्या मुलाखतीत काय बोलायचं, हे सांगायला कन्सल्टंट आहेत. तिथे पोहोचल्यावर दोन महिन्यांनी काय होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. मी स्वतः इंग्लंडमध्ये संशोधनासाठी राहिले आहे आणि नंतर अनेक वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना बाहेर पाठवत आले आहे. म्हणून आज त्यावरच बोलते.

पहिले काही आठवडे छान जातात. फोटो काढून होतात, नवं शहर आवडतं. मग नोव्हेंबर-डिसेंबर येतो. उत्तर इंग्लंडमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. प्राध्यापक सांगतात, मला नावाने हाक मारा, आणि आपल्या तोंडून ते नाव निघत नाही. सेमिनारला शेजारची मुलगी सरांचं म्हणणं सरळ खोडून काढते आणि सर खूश होतात; आपण मात्र ‘उद्धटपणा नको’ म्हणून गप्प राहतो आणि तिथे गप्प राहण्याचा अर्थ ‘तयारी नाही’ असा लावला जातो. स्वयंपाकघर चौघांचं असतं, पण प्रत्येकाचं भांडं वेगळं, जेवायची वेळ वेगळी. ‘चल, जेवायला बस’ असं कुणी म्हणत नाही. घरी फोनवर आपण ‘सगळं मस्त आहे’ म्हणतो आणि आईला आवाजावरून कळतं.

कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 मध्ये रिओ दि जानेरोत एक व्याख्यान दिलं. परदेशात काम करायला गेलेल्या लोकांना जे होतं त्याला त्याने जवळजवळ आजारच म्हटलं आणि लक्षणं सांगितली : सारखे हात धुणं, पाण्याची आणि अन्नाची नको इतकी भीती, बारीकसारीक उशिरावरून संताप, शून्यात लागलेली नजर, घरी जाण्याची अनावर ओढ. कारणही सांगितलं. कधी हसायचं, कधी नाही म्हणायचं, कुणाला काय म्हणून हाक मारायची, या शेकडो खुणांवर आपला दिवस चाललेला असतो आणि त्या सगळ्या एकदम नाहीशा होतात. त्याच्यासमोर होते ब्राझीलमध्ये राहणारे अमेरिकी लोक, पैसा आणि पाठबळ असलेले. तेव्हा हे तुम्हाला झालं, तर स्वतःला दुबळं समजू नका.

यावर सल्ला नेहमी जाणाऱ्यालाच दिला जातो : धीट हो, मिसळ, बोलत जा. तो खोटा नाही. पण मला तो अपुरा वाटतो, आणि का वाटतो ते आपल्याच माणसांच्या आधाराने सांगते.

आनंदीबाई जोशी एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, सोबत नवरा नाही, नात्यातलं कुणी नाही. पण त्या अनोळखी माणसाकडे चालल्या नव्हत्या. न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या, तिथे पडलेल्या मिशनरी मासिकात त्यांनी आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र वाचलं आणि कधी न पाहिलेल्या या मुलीला स्वतःहून पत्र लिहिलं. पुढे दोघींचा पत्रव्यवहार चालू राहिला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात जाण्याआधीचे काही महिने त्या या मावशीच्याच घरी राहिल्या. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी शिष्यवृत्ती दिली आणि पुढेही पाठराखण केली.

एवढं होऊनही थंडी थंडीच होती. शाकाहार सोडायचा नाही आणि साडी सोडायची नाही, हा आनंदीबाईंचा निर्धार होता. नऊवारीत पाय उघडे राहतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. जिथे बदलणं शक्य होतं तिथे बदलल्या, जिथे नव्हतं तिथे ठाम राहिल्या. 1885 च्या ऑक्टोबरात काढलेलं एक छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल : साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली त्यांच्या पोशाखात. तिघीही डॉक्टरकी शिकायला आलेल्या, आणि कॉलेजने तिघींना आहे तसं राहू दिलं. 11 मार्च 1886 ला आनंदीबाई एम.डी. झाल्या, पुढच्या वर्षी 26 फेब्रुवारीला पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कारपेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. आपण आनंदीबाईंची जिद्द मुलांना शिकवतो, शिकवायलाच हवी. पण त्या धड्यात कारपेंटरबाई एका वाक्यात उरकल्या जातात, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट तर आपल्या दाराशी घडली. इथून बल्लारी रस्त्याने शहराकडे निघालात की हेब्बाळच्या पुढे थोड्या अंतरावर टाटांची विज्ञान संस्था आहे. 1933 मध्ये कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची बहीण आणि पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन तिथे आल्या. वडील आणि काका त्याच संस्थेचे विद्यार्थी. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर : वर्षभर परिवीक्षेवर राहायचं, आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी काम करून दाखवलं आणि रामन यांनी पुढे मुलींना प्रवेश दिला. तरी तो अपमान कमलाबाई म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत.

मग त्या केंब्रिजला गेल्या. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. डॉ. डेरेक रिख्टर म्हणाले, दिवसा माझं टेबल वापर. रात्री ते त्याच टेबलावर झोपत. त्या टेबलापासून सुरू झालेल्या संशोधनावर कमलाबाईंना 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली. विचार करा, परकेपणाचा धक्का त्यांना जास्त कुठे बसला असेल? केंब्रिजात, की बंगळुरूत?

डॉ. आंबेडकरांचंही तेच. 1913 साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे नवल भथेना भेटले, ते जन्माचे मित्र झाले. बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलं आहे, की परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती. ती परत करून दिली बडोद्याने. राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर काठ्या घेऊन माणसं दारात उभी राहिली.

आता इथलं बोलते. बंगळुरूच्या या उत्तर भागात सुदान, टांझानिया, काँगो, नेपाळ, भूतान अशा ठिकाणांहून मुलं शिकायला येतात. 31 जानेवारी 2016 ला, इथून फार लांब नाही, हेसरघट्टा रस्त्यावर एका सुदानी विद्यार्थ्याच्या गाडीखाली स्थानिक बाई गेली. अर्ध्या तासाने टांझानियाची विद्यार्थिनी मित्रांसह दुसऱ्या गाडीने तिथे पोहोचली. त्या अपघाताशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. जमावाने तिला मारहाण केली, गाडी जाळली. तीही आपल्यासारखीच आईवडिलांना सोडून शिकायला आली होती. परदेशात आपल्या मुलावर हल्ला झाला की आपण कळवळतो. तोच कळवळा या मुलीसाठी आपल्या घराघरांत मला दिसला नाही.

तुम्ही नागपूर, सोलापूर, बेळगावहून इथे आलात, तेव्हा पहिल्या आठवड्यात ‘कन्नडा गोत्तिल्ला’, म्हणजे ‘कन्नड येत नाही’, एवढंच शिकलात. मेसमधल्या साराची चव लागेपर्यंत दिवस गेले. तेव्हा कुणा सीनियरने बसचा नंबर सांगितला, कुणा घरमालकिणीने आजारपणात पेज आणून दिली. हे तुम्हाला मिळालं आहे.

म्हणून हे संमेलन भरवणाऱ्या तुमच्या मंडळाला माझं मागणं आहे. विमानतळ इथून जवळ आहे. पुढच्या प्रवेशांच्या वेळी बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मुलांची नावं कार्यालयातून घ्या आणि पहिल्या रात्री त्यांना आणायला दोघं-दोघं जा. पीजी मिळेपर्यंत सोबत फिरा, कारण त्यांचा रंग पाहून दारं बंद होतात आणि तुम्ही शेजारी उभे असलात तर काही उघडतात. गणपतीत त्यांना पंगतीला बसवा, त्यांच्या सणाला त्यांनी बोलावलं तर जा. प्राचार्यसाहेब, या कामासाठी लागणारी गाडी आणि खर्च मी पहिलं वर्ष देते, बाकी तुम्ही ठरवा.

आता बक्षिसांची मुलं केव्हाची ताटकळली आहेत. या, पहिलं नाव पुकारा.