चिलखताची परीक्षा



संयोजकांची अट होती : आपल्या क्षेत्रातलं काहीतरी सांगा, पण सगळ्यांना कळेल असं. मी सॉफ्टवेअरवाली. पण संगणकात येणारा प्रत्येक आकडा आधी कुठल्यातरी तारेतून येतो, म्हणून आज तारेबद्दलच बोलते. टीव्हीला जोडलेली ती गोल काळी केबल सर्वांनी पाहिली आहे. तिचं नाव कोॲक्शियल केबल. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं.

ती सोलली की मधोमध एक तार, भोवती पांढरं प्लॅस्टिक, त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल आणि बारीक तारांची विणलेली जाळी दिसते. फॉइल आणि जाळी हे तिचं चिलखत. बाहेरच्या रेडिओलहरी आत येऊ द्यायच्या नाहीत, आतल्या बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, हे त्याचं काम.

चिलखत किती पक्कं आहे, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी केबल धातूच्या नळीत ठेवतात आणि केबलच्या आत सिग्नल सोडतात. चिलखतातून जे झिरपतं, ते नळीच्या पोकळीतून टोकाशी येतं. तिथे ते मोजतात. ज्या वाटेने आतलं बाहेर जातं, त्याच वाटेने बाहेरचं आत शिरतं. त्यामुळे एकाच मोजणीत दोन्ही कळतं.

युरोपीय मानकानुसार ‘ए’ वर्गाच्या केबलला ३० ते १००० मेगाहर्ट्‌झमध्ये किमान ८५ डेसिबल संरक्षण द्यावं लागतं. म्हणजे सुमारे ३१ कोटी भागांपैकी फार तर एक भाग शक्ती बाहेर पडावी. ‘बी’ वर्गाला ७५ डेसिबल चालतात. फरक दहाचाच दिसतो, पण गळती दसपट! दुकानात मात्र दोन्ही केबली सारख्याच दिसतात. शिवाय ३० मेगाहर्ट्‌झच्या खाली वेगळी चाचणी लागते. तिथे पातळ फॉइल पुरत नाही, दाट जाळीच कामाला येते.

एवढी काटेकोरी कशाला? केबल टीव्ही ज्या कंप्रता वापरतो, त्यांतल्या काही विमानांच्या रेडिओच्याही आहेत. जमिनीवरची गळती वैमानिकाच्या कानापर्यंत पोचू शकते. म्हणून अमेरिकेत केबल कंपन्यांना गळती तपासावी लागते. हवेतून तपासायची, तर ४५० मीटर उंचीवर विमान फिरवून मोजतात.

आणि एवढ्या परीक्षा पास झालेली केबलसुद्धा एका सैल कनेक्टरने वाया जाते. चिलखत अखंड असेल तरच ते चिलखत. तेव्हा टीव्हीवरचं चित्र फुटायला लागलं, तर केबलवाल्याला फोन करण्याआधी मागचा कनेक्टर हाताने घट्ट पिळून बघा.