तिरुनाथर कुंड्रूचा शिलालेख
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जिंजीचे नाव आपणां महाराष्ट्रीयांस नवे नाही. 1690 च्या दशकात छत्रपती राजाराम महाराजांनी तेथूनच राज्यकारभार चालविला. परंतु त्या गडाच्या उत्तरेस, थोड्याच अंतरावर, तिरुनाथर कुंड्रू नावाची एक लहानशी खडकाळ टेकडी आहे, तिची वार्ता आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानी असेल.

तेथील एका प्रचंड शिळेवर चोवीस तीर्थंकरांच्या आसनस्थ मूर्ती, बारा-बारांच्या दोन ओळींत, कोरलेल्या आहेत. याच टेकडीवर एक छोटासा प्राचीन तमिळ लेख आहे. चंद्रनंदी आचार्यांनी सत्तावन्न दिवस अनशन केले, त्यांची ही निषिधिका, एवढाच त्याचा आशय. लिपितज्ज्ञ तो साधारणतः सहाव्या शतकातील मानतात. प्राचीन तमिळ-ब्राह्मी लिपी पालटून वट्टेळुत्तु नावाची वाटोळी लिपी कशी घडत गेली, हे समजण्यास हा लेख मोलाचा ठरला आहे. त्याच ठिकाणी तीस दिवसांचे अनशन करणाऱ्या इळयभटारांचा उत्तरकालीन लेखही आहे.

या लेखातील दोन शब्दांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. 'अनशन' आणि 'निषिधिका' हे दोन्ही शब्द तमिळ उच्चाराचा पेहराव लेवून तेथे अवतरले आहेत. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तेच शब्द मराठी पेहरावात आहेत. भाषा निराळी, लिपी निराळी. व्रत मात्र एकच.

आणि हे नाते केवळ दगडावरचे नव्हे. त्या मुलखात तमिळ बोलणारे, बहुतांशी शेतीवर निर्वाह करणारे जैन आजही राहतात. जिंजीजवळील मेल सित्तामूर येथे त्यांचा मठ आहे. त्या मठाच्या भट्टारकांचे परंपरागत नाव लक्ष्मीसेन! आपल्या कोल्हापूरच्या मठाधिपतींचेही तेच नाव आहे, हे आपण जाणताच.

बंधुभगिनींनो, ही स्मरणिका आपण दरसाल काढतो. तीत देणगीदारांची नावे रकमांसह छापतो, उपवर मुलामुलींची यादी देतो. यात गैर काही नाही. संस्था याच मार्गाने चालतात. परंतु चंद्रनंदींचा लेख पाहा. त्यांचे कुळ कोणते, ज्ञाती कोणती, लेख कोणी व किती द्रव्य वेचून कोरविला, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. किती दिला याचा हिशेब तेथे नाही. किती त्यागले याचा मात्र आहे. दिवस मोजून दिला आहे.

ज्ञातीची मोट बांधताना आपली दृष्टी ज्ञातीच्या कुंपणापाशीच थबकू नये, एवढीच माझी विनंती आहे. दक्षिणेच्या यात्रेस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी श्रवणबेळगोळहून परत न फिरता एकदा जिंजीची वाट धरावी, तेथील साधर्मिकांच्या घरी बसावे, आणि त्या शिळेपुढे आपल्या मुलांना उभे करावे. अक्षरे त्यांना वाचता येणार नाहीत. परंतु अर्थ सांगताच तो परका वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

इतके बोलून आपली रजा घेतो. जय जिनेंद्र.