पायी चालणाऱ्यांसाठी विद्या

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्ञानसत्रातील भाषण)



'समाज आणि उच्च शिक्षण' या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझी हयात कापड बाजारात, गाठी सोडण्यात आणि थान मोजण्यात गेली. तेव्हा अधिकारवाणीने काही सांगण्याची माझी पात्रता नाही. परंतु माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली द्यावी आणि त्यातून समाजापुढे एक विचार ठेवावा, एवढ्याच हेतूने उभा आहे.

माझी पुतणी स्थापत्य अभियंता. वाहतूक अभियांत्रिकीत तिने एम.टेक. केले. पुढे पीएच.डी.साठी तिला एका नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला. आमच्या एकत्र कुटुंबात वडीलकीचा शब्द माझा. मी गादीवर बसून विचारावे तसे विचारले, "बेटा, आणखी पाच वर्षे शिकून हाती काय येणार? रस्त्यावरच्या गाड्या मोजायला डॉक्टरेट कशाला हवी?" ती काही बोलली नाही. तिने प्रवेश सोडला, नोकरी धरली, यथावकाश विवाह झाला. योग्य सल्ला दिल्याचे समाधान मला वाटत राहिले.

दोन वर्षांपूर्वी साध्वीजींच्या विहारात मी नगर-पुणे रस्त्याने चाललो होतो. सूर्योदय झाला होता, पण धुके दाट होते. मागून आलेला मालट्रक इतक्या जवळून गेला, की सोबतच्या कार्यकर्त्याने ओढून घेतले नसते तर एका साध्वीजींचे काय झाले असते, हे आजही मनात आणवत नाही. विहारात अशा अपघातांत साधू-साध्वींना प्राण गमवावे लागल्याच्या वार्ता आपण वाचतो, श्रद्धांजली वाहतो आणि 'कर्मगती' म्हणून गप्प बसतो.

त्या रात्री मी पुतणीला फोनवर चालकाचा दोष सांगू लागलो. तिने शांतपणे हिशेब मांडला. "काका, ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत रस्त्याच्या आखणीत अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात ५५ मीटर अंतर सरते. या वेगाला सुरक्षित थांबायचे तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार १२० मीटर पुढचे दिसले पाहिजे. धुक्यात ३० मीटरवरचे दिसत नसेल, तर चालक कितीही सज्जन असो, तो थांबणार कसा? त्याने वेग कमी करायला हवाच होता. पण पायी चालणाऱ्याला वेगळी वाट ठेवणे हे रस्ता बांधणाऱ्याचे काम आहे."

बंधू-भगिनींनो, ज्या विद्येला मी 'गाड्या मोजणे' म्हणालो होतो, ती ही विद्या. सन २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बत्तीस हजारांहून अधिक पादचारी होते.

या शास्त्राची बरीच सूत्रे परदेशांत, आपापल्या रांगेत चालणाऱ्या मोटारींवरून सिद्ध झाली. आपल्या रस्त्यावर ट्रक, रिक्षा, दुचाकी, हातगाडी आणि माणूस एकाच वेळी चालतात. म्हणूनच भारतीय रस्त्यांच्या क्षमतेचा स्वतंत्र ग्रंथ केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेने देशातील अनेक शिक्षणसंस्थांच्या साहाय्याने सिद्ध केला आणि तो २०१७ मध्ये प्रकाशित झाला. आयआयटी दिल्लीत दिवंगत प्रा. दिनेश मोहन व प्रा. गीतम तिवारी यांनी रस्ते-सुरक्षेच्या संशोधनासाठी दीर्घकाळ परिश्रम घेतले.

साधे उदाहरण घ्या. १२ मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस १० सेकंदांत ओलांडतो; ०.८ मीटर चालणाऱ्या आजीला १५ सेकंद लागतात. ते पाच सेकंद सिग्नलमध्ये कोणासाठी ठेवायचे, हा गणिताचा प्रश्न आहे आणि दयेचाही. दुसरे उदाहरण आम्हा व्यापाऱ्यांसाठी. कोंडी झाली की आपण नवा रस्ता मागतो. डिट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले, की काही वेळा नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच प्रवासाचा वेळ वाढतो. हे अनुभवाने नव्हे, अभ्यासानेच कळते.

आता व्यवहाराचे बोलतो. या विषयातील पीएच.डी. आयआयटी मुंबई, दिल्ली, रूरकी, खरगपूर, तसेच नागपूर व सुरत येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत करता येते. प्रथम काही विषयांचा अभ्यास, मग पात्रता परीक्षा, दरवर्षी प्रगतीचा आढावा, चौकाचौकांत मोजणी व चित्रीकरण, शेवटी प्रबंध, बाह्य परीक्षक आणि मौखिक परीक्षा. चार ते सहा वर्षे सहज जातात. केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार कनिष्ठ संशोधकास दरमहा ३७,००० रुपये व पुढे वरिष्ठ संशोधकास ४२,००० रुपये विद्यावेतन मिळते. म्हणजे मूल घरावर भार होत नाही. मात्र विद्यावेतनाला मुदत असते. प्रबंध लांबला की अखेरचे महिने ओढगस्तीचे जातात आणि नेमके तेव्हाच घरचे विचारतात, "अजून किती दिवस?"

आपल्या ट्रस्टची शिष्यवृत्ती पदवीपाशी थांबते. माझी नम्र सूचना अशी, की सुवर्णमहोत्सवाची स्मृती म्हणून संशोधन करणाऱ्या मुलामुलींच्या त्या अखेरच्या वर्षाचा भार ट्रस्टने उचलावा. त्यासाठीच्या निधीत पहिली रक्कम मी आज भरत आहे. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विनंती, की पैशापेक्षा दुर्मीळ अशी एक गोष्ट द्यावी; ती म्हणजे संमती.

ईर्यासमिती आपल्याला पुढची भूमी न्याहाळून, जीव जपून पाऊल टाकायला शिकवते. ज्या समाजाचे गुरू आयुष्यभर पायी चालतात, त्या समाजातून पायवाटांचा विचार करणारे संशोधक निघू नयेत, ही उणीव आहे. आपण ज्ञानदान आणि अभयदान वेगवेगळे मोजतो. या विद्येत ती दोन्ही एकत्र येतात.

गेल्या महिन्यात मी पुतणीची क्षमा मागितली आणि नोकरी सांभाळून संशोधन करता येते का, असे विचारले. ती म्हणाली, "काका, येते. पण आता मुलगी लहान आहे. पाहू या." त्या 'पाहू या'मध्ये माझ्या एका वाक्याची किंमत आहे. आपल्यापैकी कोणावरही ती मोजण्याची वेळ न येवो.

बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.