हेलिकॉप्टर शिवारात उतरते तेव्हा
(खडकी, पुणे येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



खडकी हे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे ठाणे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी फौजेत असते. त्यामुळे हेलिकॉप्टर आपल्याला नवे नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागात ते मदतीला धावले. पिकांवर बोलणाऱ्याने आज हा विषय का घेतला, असे आपण विचाराल. कारण सोपे आहे. हे यंत्र अडचणीच्या वेळी आपल्याच रानात उतरते.

पाभर धरणाऱ्याचे एक लक्ष तासावर, एक चाड्यावरच्या मुठीवर आणि एक बैलांवर असते. वैमानिकाचे तसेच आहे. डाव्या हाताने तो यंत्र वर-खाली करतो, उजव्या हाताने पुढे-मागे व बाजूला नेतो आणि पायांनी त्याचे तोंड वळवतो. मोठा पंखा फिरला की धड उलट दिशेने फिरू पाहते. शेपटीचा लहान पंखा ते आवरतो. हा लहान पंखा वेगात असला की डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो फार घातक.

इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टर लगेच दगडासारखे पडत नाही. खालून येणाऱ्या हवेने पंखा फिरत राहतो आणि त्या बळावर ते उतरवता येते. मात्र त्यासाठी पुरेशी उंची किंवा वेग हवा. २०२० मध्ये राजस्थानात टोळांवर फवारणीसाठी हेलिकॉप्टर वापरले. एका फेरीत २५० लिटर औषध नेऊन २५ ते ५० हेक्टर फवारण्याची त्याची क्षमता होती. अशी फवारणी खालून उडत करावी लागते. तिथे चूक सावरायला वेळ नसतो आणि विजेची तार अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

२५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच वीजतारांत अडकून कोसळले. सुदैवाने आतील सर्व जण वाचले. मे महिन्याच्या उन्हात हवा विरळ होते व पंख्याची उचल कमी पडते, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या गावात हेलिकॉप्टर येणार असेल तर पुढील काळजी घ्या.

(१) जवळच्या तारा, खांब व उंच झाडांची माहिती अधिकाऱ्यांना आधीच द्या.

(२) जमिनीवर पाणी शिंपडा, पण चिखल करू नका. उडालेल्या धुळीत वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते.

(३) ताडपत्री, मल्चिंग पेपर, रिकामी पोती, कडब्याच्या पेंढ्या हलवा. त्या उडून पंख्यात जाऊ शकतात.

(४) जनावरे लांब बांधा. मुलांना पुढे सोडू नका.

(५) वैमानिकाने खूण केल्याशिवाय जवळ जाऊ नका. समोरून, त्याच्या नजरेसमोर राहून, वाकून जा. शेपटीकडे कधीही जाऊ नका. जमीन उताराची असेल तर चढाकडून जाऊ नका, तिकडे पंखा डोक्याच्या उंचीवर येतो.

(६) टोपी, उपरणे काढून हातात घ्या, पदर खोचा. काठी किंवा खोरे आडवे व कमरेखाली धरा.

बंधू-भगिनींनो, मोटारीसाठी आपण ओढलेली तार आपल्याला रोज दिसते, वरून येणाऱ्याला ती दिसत नाही. आजारी माणसाला किंवा पुरात अडकलेल्याला न्यायला आलेले यंत्र आपल्या गावातून सुखरूप परत जावे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.

जय जवान, जय किसान!