सज्जातील मत्स्यवाटिका

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांचे संसार आज शहरांतील सदनिकांत चालले आहेत. गावच्या घरामागचे परसू, त्यातील अळू आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला पुदिना आता वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातच उरला आहे. अशा घरांस उपयोगी पडणारी एक पद्धत आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. मासे व वनस्पती एकाच फिरत्या पाण्यावर वाढविण्याच्या या पद्धतीस अ‍ॅक्वापॉनिक्स म्हणतात; आपण तिला मत्स्यवाटिका म्हणू.

कल्पना आपणांस परकी नाही. गोव्यातील खाजन जमिनींत पावसाळी भात आणि त्यानंतर मासे-कोळंबी घेण्याची वहिवाट जुनी आहे. आजच्या पद्धतीला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत अमेरिकन व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठातील जेम्स राकोसी यांचे नाव अग्रभागी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनेही २०१४ मध्ये लहान प्रमाणावरील अशा शेतीविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली.

रचना सोपी आहे. खाली माशांची टाकी, तिच्यावर खडीने भरलेले पसरट पात्र आणि पाणी वर चढविणारा लहानसा पंप. पाणी खडीतून झिरपून पुन्हा टाकीत येते. परंतु हे साहित्य आणले की बाग तयार झाली, असा समज करून घेणे घातक आहे. मासे आणि रोपे यांच्यामध्ये एक तिसरा भागीदार असतो. माशांच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया माशांनाच विषारी असतो. खडीवर वसलेले एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्यापासून नायट्रेट करतात, आणि ते रोपांचे अन्न होय. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास या जिवाणूंचा छडा लावला. खडीवर त्यांची वस्ती होण्यास आपल्या उष्ण हवेतही सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता पहिल्याच दिवशी टाकीभर मासे सोडणाऱ्यांच्या घरी आठवडाभरात मेलेले मासे तरंगतात, आणि दोष मात्र पद्धतीला दिला जातो. आरंभी दोन-तीनच मासे ठेवावेत, पाण्याची तपासणी करीत राहावे, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच हळूहळू संख्या वाढवावी.

आता प्रमाणाचा हिशेब पाहू. पालेभाज्यांच्या एक चौरस मीटर वाफ्यास दररोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य खाणारे मासे लागतात. पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे दहा गोल्डफिश दिवसाला जेमतेम चार ग्रॅम खातात. म्हणजे त्यांच्यावर एक चौरस फूट वाफा पोसला जाईल. एवढ्यावर महिन्याची भाजी निघणार नाही. पण चटणीपुरता पुदिना, चहापुरती तुळस आणि भज्यांपुरता पानओवा निश्चित मिळेल. याहून अधिक कबूल करणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे. आपल्यातील शाकाहारी कुटुंबांनीही संकोच धरू नये. मासे ताटात यावेत अशी या पद्धतीची अट नाही.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यावर खडीचे चाळीस-पन्नास किलो. जुन्या चाळीच्या गॅलरीवर हा भार टाकण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा. खडीवर शिरका टाकून पाहावा. फेस आल्यास तीत चुना आहे, ती घेऊ नये. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडून गेल्यावरच टाकीत भरावे. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्यास लोहाची उणीव समजावी; माशांच्या खाद्यातून लोह पुरेसे मिळत नाही, ते निराळे द्यावे लागते. आणि रोपांवर कीटकनाशक मुळीच मारू नये. मावा पाण्याने धुऊन काढावा; कारण रोपावर पडलेले औषध अखेर माशांच्याच पाण्यात उतरते.

सर्वांत मोठा प्रश्न मे महिन्यात उभा राहतो. सारे कुटुंब गावी जाते आणि मागे घर बंद राहते. धडधाकट मोठे मासे काही दिवस उपाशी राहू शकतात, पण पंप बंद पडून पाण्यातील प्राणवायू संपला तर काही तासांतच घात होतो. यास्तव विजेऱ्यांवर चालणारा हवेचा लहान पंप जवळ असावा, आणि त्याहूनही आवश्यक म्हणजे किल्ली ठेवण्याजोगा शेजारी असावा. ज्यांना अशी व्यवस्था करता येणार नाही त्यांनी कुंडीतल्या पुदिन्यावर समाधान मानावे, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. मुक्या जिवाचा भार हौसेखातर पत्करू नये.

ज्यांना हे जमण्याजोगे आहे त्यांनी मात्र अवश्य आरंभ करावा, आणि तो मुलांच्या हाती सोपवावा. पाण्याची तपासणी, खाद्याचे माप आणि पानांचे निरीक्षण यांतून जे शास्त्र त्यांच्या अंगी मुरेल ते केवळ पाठांतराने मुरणार नाही. खडीत राबणारे ते जिवाणू कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत, तरी मासे आणि रोपे दोन्ही त्यांच्यावरच जगतात. संस्थेचे कामही अशाच न दिसणाऱ्या हातांवर चालते, हे येथे जमलेल्यांस वेगळे सांगावयास नको.